जबडा की मेंदू?

नौली ही योगक्रिया करताना पोटाच्या आत काय घडते हे पाहायचे म्हणून स्वामी कुवलयानंदांनी साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घालून तिचे बाहेरचे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले. पोटाचे उभे स्नायू पुढे आले की पारा सरकायचा, कारण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला असायचा. बस्ती या शुद्धिक्रियेच्या वेळी पाणी आत का ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. आपले गुरू माधवदासजी यांच्या नावावरून त्यांनी या स्थितीला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात हे प्रयोग आकड्यांनिशी छापून आले. प्राणायामाने शरीरात भरमसाट प्राणवायू जातो ही समजूतही त्यांनी मोजून पाहिली आणि ती टिकत नाही असे स्पष्ट लिहिले. योगासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मोल मला फार वाटते.

१९२४ सालीच जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. ती जगापुढे आली १९२९ मध्ये. आज आपण तिला ईईजी म्हणतो. शरीराच्या आतल्या हालचालींवर सरावाने ताबा मिळवता येतो आणि तो मोजता येतो, ही लोणावळ्यातली धारणा आणि बर्गरची ईईजीची रेघ जिथे एकत्र येतात, तिथे न्यूरोफीडबॅक सुरू होते. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, मेंदूच्या लहरी त्याच क्षणी पडद्यावर दाखवायच्या आणि हवी ती लहर वाढली की माणसाला लगेच कळेल असे काही करायचे: चित्र उजळेल, सूर वाजेल, खेळातली गाडी पुढे जाईल. पुन्हा पुन्हा असे झाले की मेंदू ती लहर जास्त वेळा निर्माण करायला शिकतो, असा त्यामागचा सिद्धांत.

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात काम करणाऱ्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने ही पद्धत हाती घ्यायची ठरवली, तर त्याला काय काय शिकावे लागते? यंत्र चालवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. दोन दिवसांत ते कुणालाही जमते, आणि धोका तिथेच सुरू होतो.

तो धोका समजून घ्यायला जुना एक प्रयोग उपयोगी पडतो. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ भारतात आल्या आणि योगी आपले हृदय जवळजवळ थांबवू शकतात, असे त्यांच्या नोंदींवरून वाटू लागले. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक आले. देशात ठिकठिकाणी, लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्येही, त्यांनी योगाभ्यासकांच्या नोंदी घेतल्या. हृदय थांबवण्याचा दावाही त्यांनी दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह तपासला. नाडी हाताला लागेनाशी व्हायची, स्टेथोस्कोपलाही ठोका ऐकू येईनासा व्हायचा, पण ईसीजीची रेघ मात्र चालूच राहायची. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते. साधक खोटे बोलत नव्हते. त्यांचा ताबा होता तो स्नायूंवर, आणि पाहणाऱ्याने तो हृदयावरचा समजला होता.

न्यूरोफीडबॅक शिकणाऱ्याने हा प्रसंग पाठच करावा. मेंदूची वीज कवटी ओलांडून बाहेर येईपर्यंत अगदी क्षीण झालेली असते. ती मोजायची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत. जबड्याच्या स्नायूंची वीज तिला सहज झाकून टाकते. पापणी मिटली तरी कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर एक मोठी संथ लाट उठते आणि यंत्राच्या हिशेबात ती मंद लहरींच्या खात्यात जमा होते. यंत्राला जबडा आणि मेंदू यांतला फरक कळत नाही. तो माणसालाच कळावा लागतो, म्हणून प्रशिक्षण.

चांगल्या प्रशिक्षणात शिकणारा आधी स्वतः खुर्चीत बसतो. सहाध्यायी त्याचे डोके मोजतो. नाकाच्या मुळाशी, भुवयांच्या मधे जो खळगा असतो तिथे टेपचे एक टोक, आणि डोक्याच्या मागे बोटांना लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर दुसरे. समजा अंतर ३६ सेंटिमीटर भरले, तर १८ वर खूण करायची. मग एका कानासमोरून दुसऱ्या कानासमोरपर्यंत मोजायचे आणि त्याचाही मध्य काढायचा. दोन्ही मध्य जिथे छेदतात तो बिंदू ‘सीझेड’, म्हणजे टाळूचा माथा. बाकीच्या जागा याच मापाच्या दहा आणि वीस टक्क्यांवर ठरतात, म्हणून पद्धतीचे नाव ‘१०-२०’. हर्बर्ट जॅस्परने १९५८ मध्ये ती मांडली. अंदाजाने इलेक्ट्रोड लावणाऱ्याची आजची नोंद आणि पुढच्या आठवड्याची नोंद एकाच जागेची नसते. मग सुधारणा झाली की जागा सरकली, हे कुणी सांगायचे?

खूण झाली की केस बाजूला करायचे, दाणेदार जेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन तेवढीच त्वचा हलके घासायची आणि वाटीसारख्या इलेक्ट्रोडमध्ये चिकट पेस्ट भरून तो दाबून बसवायचा. दुसरे दोन कानांच्या पाळ्यांना. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विद्युतरोध ५ किलोओहमच्या खाली आणायचा, तोवर पुढे जायचे नाही. आपल्याकडे इथे खोबरेल तेल आडवे येते. मुलाला दवाखान्यात न्यायचे म्हणून आई चापून तेल लावून भांग पाडून आणते. आदल्या रात्री डोके धुऊन, तेल न लावता आणा, हे भेटीची वेळ देतानाच सांगायला हवे. दुसरी अडचण विजेची. भिंतीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झचा गुणगुणाट इलेक्ट्रोडमध्ये शिरतो. अर्थिंग नीट नसेल किंवा शेजारी इन्व्हर्टर चालू असेल तर रेघ जाडजूड आणि केसाळ दिसते. मावळातल्या पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते. त्यामुळे लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा आणि चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा, ही सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी.

आता पडद्याकडे पाहायचे. इथे बरेच अभ्यासक्रम घाई करतात आणि थेट रंगीत पट्ट्या दाखवतात, हे मला पटत नाही. आधी न गाळलेली कच्ची रेघ पाहायला शिकले पाहिजे. डोळे मिटायला सांगा. डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाच्या आसपास आवर्तनांची, एकसारखी, गोलसर लाट येते. ही अल्फा, बर्गरने पहिल्यांदा वर्णन केलेली. डोळे उघडले की ती मावळते. मग मुद्दाम गोंधळ घालायचा. पापण्या फडफडवा. दात आवळा. आवंढा गिळा. मान वळवा. जीभ टाळूला लावा. प्रत्येक वेळी रेघ कशी बिघडते ते वहीत काढून ठेवायचे. ही वही तोंडपाठ होईपर्यंत रुग्णाला खुर्चीत बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

रेघ ओळखीची झाली की तिचे भाग पाडायचे. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तने म्हणजे डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते बारा अल्फा, त्यापुढे बीटा. बारा ते पंधरा या पट्ट्याची कथा वेगळी आहे. लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टरमन यांनी १९६०च्या दशकात मांजरांना ही लहर निर्माण केली की खाऊ, असे शिकवले. मांजरे अंग न हलवता, पण सावध बसून ती लहर काढू लागली. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या हायड्रॅझिनचा विषारीपणा तपासताना यातली काही मांजरे प्रयोगात आली आणि त्यांना इतरांपेक्षा उशिरा आकडी आली. मांजराला यंत्राविषयी श्रद्धा नसते, म्हणून हा पुरावा लक्ष वेधून घेणारा ठरला. १९७२ मध्ये स्टरमन यांनी अपस्माराच्या रुग्णावरचा अनुभव प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलावरचा.

बक्षिसाची पातळी ठरवणे हे खरे कसब. एका पट्ट्यात लहर किती वर गेली की गाडी पुढे जाईल, ते प्रशिक्षक ठरवतो. पातळी फार उंच ठेवली तर मूल दोन मिनिटांत कंटाळते. फार खाली ठेवली तर काहीही केले तरी बक्षीस मिळते आणि शिकण्यासारखे काही उरत नाही. साधारण साठ-सत्तर टक्के वेळ यश मिळावे, असे पाहिले जाते. काही यंत्रे पातळी आपोआप बदलतात. ते सोयीचे दिसते, पण मूल पेंगू लागले तरी पातळी त्याच्याबरोबर खाली येते आणि बक्षीस चालू राहते. बक्षीस लहरीपाठोपाठ, सेकंदाच्या अंशात मिळायला हवे. उशीर झाला तर मेंदूला ते कशाबद्दल मिळाले हे कळत नाही. जोडीला जलद लहरींवर पहारा ठेवायचा, कारण स्नायूंची वीज तिथेच जास्त सांडते. तो पहारा नसेल तर चलाख मुलाला लवकरच समजते की दात आवळले की गाडी पळते. वीस सत्रांनंतर त्याचा जबडा तरबेज झालेला असतो, आणि आई-वडिलांनी पैसे मोजलेले असतात लक्ष लागण्यासाठी.

यंत्राआधी माणूस येतो, हे सांगायला नको, पण प्रशिक्षणात त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. मुलाचे लक्ष लागत नाही म्हणून पालक आले, तर आधी विचारायचे: रात्री घोरतो का? फळा दिसतो का? ऐकू नीट येते का? अक्षरे उलटीपालटी वाचतो का? मधेच काही क्षण शून्यात पाहत राहतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आले तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचे, पडद्यासमोर बसवायचे नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. न्यूरोफीडबॅकचे प्रमाणपत्र त्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. ते आधीच्या शिक्षणावर चढवायचे आहे.

आणि पुरावा? इथे शिकणाऱ्याने मन घट्ट करावे. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली. कुणाला खरे न्यूरोफीडबॅक मिळते आणि कुणाला नकली, हे मुलांना, पालकांना, सत्र घेणाऱ्यांनाही माहीत नव्हते. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. दोन्ही गटांतली मुले सुधारली आणि त्या दोन गटांमध्ये आपसांत फरक दिसला नाही. म्हणजे नियमित येणे, शांत बसणे, मोठ्या माणसाने दर वेळी कौतुकाने लक्ष देणे, यांचाही वाटा मोठा असणार. बंगळुरूच्या निमहान्समध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर या पद्धतीचे काम झाले आहे. अशा ठिकाणी, संशोधनाच्या शिस्तीत, ती पुढे जावी असे मला मनापासून वाटते. दवाखान्यात मात्र तिला जोड-उपचार म्हणावे. खात्रीचा इलाज म्हणून ती विकू नये.

जगभर या क्षेत्रात बीसीआयए या संस्थेचे प्रमाणपत्र मानले जाते. संस्था १९८१ पासूनची. तिच्या नियमांत ३६ तासांचे वर्गातले शिक्षण आहे, मेंदूच्या रचनेचा वेगळा अभ्यास आहे, स्वतःवर दहा सत्रे आहेत, रुग्णांची शंभर सत्रे आहेत आणि मार्गदर्शकाबरोबरचे २५ तास आहेत. या २५ तासांत शिकणारा आपल्या सत्रांच्या नोंदी घेऊन बसतो आणि अनुभवी माणूस कच्ची रेघ सरकवत विचारतो, इथे काय झाले? खोकला होता का? पातळी का बदलली? सत्रानंतर मुलाचे डोके दुखले, चिडचिड वाढली, झोप बिघडली, तर ते लिहिले का? दहा रुग्णांची सविस्तर मांडणीही करावी लागते. ज्या रुग्णात काहीच फरक पडला नाही त्याची मांडणी मार्गदर्शकाने आधी मागावी. ती करताना शिकणारा जेवढा शिकतो, तेवढा यशस्वी रुग्णांवरून शिकत नाही.

पवन मावळातल्या एखाद्या गावातून आई मुलाला घेऊन येते तेव्हा एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेलेली असते. आठवड्यातून दोनदा, तीस-चाळीस सत्रे, म्हणजे चार-पाच महिने. ती विचारते, “मॅडम, हे मशीन लावल्यावर गोळ्या बंद होतील ना?” याचे उत्तर कसे द्यायचे, हेही प्रशिक्षणातच शिकायचे असते. “गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका, ताई. दहा सत्रे करून पाहू. तोवर शाळेतल्या बाईंना दर शनिवारी दोन ओळी लिहून द्यायला सांगा, वर्गात कसा बसतो, वही पुरी करतो का. बाईंना आपण काय करतोय ते सांगू नका. दहा झाल्यावर ती पानं आपण दोघी मिळून वाचू, आणि त्यात काही दिसलं नाही तर थांबू.” हे असे थांबता यायचे असेल तर पुढच्या तीस सत्रांचे पैसे आगाऊ घेतलेले नसावेत.