बाल-पिचरच्या चेंडूचा वेग : मापन आणि अर्थनिर्णय

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. त्याची योग्यता ठरविताना चेंडूच्या वेगाचा विचार अग्रक्रमाने होतो आणि अमेरिकेत बारा वर्षांच्या मुलालाही हीच कसोटी लावली जाते. परंतु वेग कोठे व कोणत्या साधनाने मोजला, हे कळल्यावाचून नुसत्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

प्रथम स्थानाचा प्रश्न. बॉब फेलर याच्या चेंडूचा वेग १९४६ मध्ये ताशी ९८.६ मैल भरला, तो फलंदाजापुढील होम प्लेटपाशी. आजची यंत्रे हातातून सुटतानाचा वेग नोंदवितात. प्रौढांच्या खेळात हवेच्या रोधामुळे वाटेत सुमारे आठ ते दहा टक्के वेग घटतो. सबब या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे सयुक्तिक नव्हे.

दुसरा प्रश्न साधनाचा. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फेकीचे अंतर ४६ फूट असते. चेंडू सुमारे पाच फूट पुढे सुटतो असे मानल्यास प्रत्यक्ष प्रवास ४१ फुटांचा होतो. ताशी ६० मैल, म्हणजे सेकंदास ८८ फूट, या सरासरी वेगाने त्यास ०.४७ सेकंद लागतो. स्टॉप-वॉच दाबण्यात एकदशांश सेकंदाची चूक झाली, तर उत्तर ४९ पासून ७६ मैलांपर्यंत कोठेही येऊ शकते. सेकंदास २४० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने हाच प्रवास सुमारे ११२ चित्रांत टिपला जातो व एका चित्राची चूक एक टक्क्याहूनही कमी ठरते. मात्र हा सरासरी वेग होय. सुटतानाचा वेग त्याहून किंचित अधिक असतो.

रडारयंत्र डॉप्लर परिणामावर चालते आणि आपल्या दिशेने असलेला वेगाचा घटकच मोजते. यंत्र २० अंशांनी बाजूस असल्यास ६० मैलांचे ५६ दिसतात. म्हणून ते चेंडूच्या मार्गरेषेत, होम प्लेटच्या मागे धरावे लागते.

कधीकधी मुलाच्या वेगाचे ‘प्रौढ समतुल्य’ सांगितले जाते. प्रौढांचे अंतर ६० फूट ६ इंच असल्याने ४१ फुटांवरील ६० मैल हे तेथील सुमारे ८० मैलांइतके ठरतात. परंतु ही तुल्यता फलंदाजास मिळणाऱ्या अवधीची आहे, मुलाच्या बाहुबलाची नव्हे.

हा भेद विसरणे धोक्याचे आहे. वाढत्या वयात कोपरातील अस्थिवाढीचा कूर्चामय भाग नाजूक असतो आणि वेगाबरोबर कोपरावरील ताण वाढत जातो. लिटल लीगने २००७ पासून फेकींच्या संख्येवर मर्यादा घातली. ११-१२ वर्षांच्या मुलास दिवसाला ८५. वेगावर मात्र अशी मर्यादा नाही. शिवाय बाराव्या वर्षीचा वेग बहुधा उंची, वजन व लवकर आलेली प्रौढता यांचा निदर्शक असतो; त्यावरून भावी नैपुण्याचे भाकीत करणे धाडसाचे होय.

तात्पर्य, एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाचा वेग त्याच स्थानी, त्याच साधनाने वेळोवेळी नोंदविणे अधिक फलदायी होय. अशा नोंदीत वेग अकस्मात घटलेला दिसला, तर अधिक जोर लावण्यास सांगण्यापूर्वी तो हात थकला आहे काय, हे पाहणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.