चेर्नीची शिकवणी

गाणे शिकणाऱ्याच्या वाट्याला पलटे येतात, तसा पियानो शिकणाऱ्याच्या वाट्याला चेर्नी येतो. मुंबई-गोव्यात पियानोची शिकवणी लावलेल्या अनेक मुलांच्या दप्तरातही त्याची वही असते. उजवा हात पट्ट्यांवर वर-खाली पळतो, डावा साथ धरतो आणि तोच तुकडा विसाव्यांदा ऐकून घरचे कंटाळतात. असले पाठ लिहिणारा माणूस रुक्षच असणार, असे वाटते. कार्ल चेर्नी मात्र तसा नव्हता.

त्याचा जन्म १७९१चा, व्हिएन्नाचा. वडील पियानोचे मास्तर. नवव्या वर्षी त्याने मोझार्टचा कन्चेर्टो जाहीर मैफलीत वाजवला. पुढे साधारण दहाव्या वर्षी वडील त्याला बेथोव्हनकडे घेऊन गेले. पाच-सहा जिने चढून वर गेल्यावर दिसले ते असे : उघड्या भिंती, जिकडेतिकडे कागद आणि कपडे, बसायला पियानोपुढची तेवढी एक डगमगती खुर्ची. बेथोव्हनची दाढी वाढलेली आणि कानांत पिवळसर औषधात भिजवलेले कापसाचे बोळे. पोराला तो थेट रॉबिन्सन क्रूसोसारखा दिसला. वाजवणे ऐकून बेथोव्हन म्हणाला, मुलगा हुशार आहे, मी शिकवतो.

शिकवणी सुरू झाली ती स्वरपट्ट्यांनी. प्रत्येक स्वरापासून चढायचे, उतरायचे. हात कसा ठेवायचा, बोटे कशी ठेवायची आणि मुख्य म्हणजे अंगठा कसा वापरायचा, हे आधी. अंगठ्याचे हे तंत्र तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

१८०५ साली बेथोव्हनने त्याला शिफारसपत्र दिले. मैफलींचा दौरा ठरत होता, पण तो झालाच नाही. युद्धाचे दिवस, आईवडील थकत चाललेले आणि हा एकुलता एक. शिवाय श्रोत्यांना दिपवण्याची हातचलाखी आपल्या वाजवण्यात नाही, असे तो स्वतःच सांगे. १८१२ साली बेथोव्हनचा ‘एम्परर’ कन्चेर्टो व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला, तो चेर्नीच्याच हातून. पण त्याचे पोट आणि त्याचे मन शिकवण्यांवरच होते. सकाळी आठ ते रात्री आठ, दिवसाला अकरा-बारा शिकवण्या, आणि हे वीसहून अधिक वर्षे.

शिकवायचे कसे, हेही तो गुरूकडूनच शिकला. १८१६ साली एका मैफलीत बेथोव्हनची रचना वाजवताना त्याने पदरचे काही स्वर घुसडले. बेथोव्हनने सगळ्यांसमोर खडसावले. दुसऱ्या दिवशी मात्र दिलगिरीची चिठ्ठी आली : रचना लिहिली तशीच ऐकण्याची माझी इच्छा होती, एवढेच. त्यानंतर पदरचे काही घालण्याची हौस कायमची फिटली, असे चेर्नीने लिहून ठेवले आहे. याच सुमारास बेथोव्हनने आपला पुतण्या त्याच्याकडे शिकायला पाठवला आणि एक सूचना केली. बोटे आणि लय नीट बसली की बारीकसारीक चुकांसाठी मुलाला मध्येच थांबवू नकोस. तुकडा पुरा झाल्यावर सांग. मुलांना काहीही शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून ठेवावे.

मग एक दिवस दारात आणखी एक बाप आणि आणखी एक पोर उभे राहिले. पोर फिकट, अशक्त. वाजवताना स्टुलावर इतके डुलत होते की पडेल की काय, असे चेर्नीला वाटले. बोटे कुठली कुठेही पडत आणि लयीचा पत्ता नाही. पण समोर ठेवलेली अनोळखी रचना त्या पोराने उपजत समजेने वाजवून दाखवली. हा फ्रान्झ लिस्ट. पुढे लिस्ट कुटुंब व्हिएन्नात राहायला आले, तेव्हा चेर्नीने त्याला जवळजवळ रोज संध्याकाळी शिकवले. आधी बोटे, लय आणि स्वच्छ स्वर, चमकदार काही नंतर. फी घेणे त्याने लवकरच नाकारले. १८२२च्या डिसेंबरात लिस्टने व्हिएन्ना जिंकली. त्याने आपले ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’ चेर्नीला अर्पण केले आणि पुढे वायमारमध्ये स्वतःही शिष्यांकडून पैसे घेतले नाहीत.

चेर्नीच्या प्रकाशित कृतींचे आकडे ८६१ पर्यंत जातात. त्यांतला ५९९ क्रमांकाचा संग्रह अगदी नवशिक्यांसाठी आहे. शंभर पाठ : आधी पाच बोटे जागच्या जागी, मग थोडा विस्तार, मग अंगठा खालून सरकवणे. एका पाठात एकच अडचण आणि ती सुटली की पुढची. मूल नेमके कुठे अडखळते, हे हजारो तास शेजारी बसून पाहिलेल्या माणसालाच असे लिहिता येते.

त्याच्याकडेच लहानपणी शिकला लेशेटिझ्की, आणि लेशेटिझ्कीकडे पोरवयात शिकला आर्टुर श्नाबेल. बेथोव्हनच्या बत्तीसही पियानो सोनाटांचे ध्वनिमुद्रण सर्वप्रथम केले ते याच श्नाबेलने, १९३०च्या दशकात.

चेर्नीने लग्न केले नाही. १८५७ साली तो गेला, तेव्हा कमावलेली पुंजी बरीच होती. मृत्युपत्रात त्याने ती धर्मादाय संस्थांना वाटून दिली. त्यांत एक संस्था मूकबधिरांसाठीची होती.