‘सॉफ्ट’ आणि ‘मऊ’

इंग्रजी ‘सॉफ्ट’ या शब्दासमोर ‘मऊ’ असे लिहून कोशकाराला पुढे जाता येते; अनुवादकाला येत नाही. स्पर्शाचा अर्थ मूळचा आणि इतर अर्थ लक्षणेने आलेले, असे आपण मनाशी गृहीत धरतो. ‘मऊ’च्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे, ‘मृदु’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला हा शब्द भात, गादी, माती यांच्यातच रमतो. ‘सॉफ्ट’चा इतिहास मात्र उलटा आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ सुखद, शांत, निवांत असा होता. जर्मनमधील ‘झान्फ्ट’ हा त्याचाच भाऊबंद. हाताखाली दबणारा, हा अर्थ सुमारे इ. स. 1200 नंतरचा. म्हणजे हे दोन शब्द निरनिराळ्या दिशांनी येऊन केवळ स्पर्शापाशी एकमेकांस भेटतात.

म्हणून प्रत्येक ठिकाणी, येथे ‘सॉफ्ट’चा विरोध कशाशी आहे, हे आधी पाहावे लागते. मोठ्या आवाजाशी असेल तर ‘हळू’, प्रखर उजेडाशी असेल तर ‘मंद’, शिस्तीच्या कडकपणाशी असेल तर ‘सौम्य’. डोक्याला लावला की तोच शब्द ‘बावळट’ होतो, आणि शेक्सपिअरची पात्रे तो नुसताच उच्चारतात तेव्हा ‘थांब, जरा गप्प’ एवढेच त्यांना म्हणायचे असते. आपला ‘नरम’ही काही कमी चंचल नाही: बाजार नरम असणे इंग्रजीत जसेच्या तसे जाते, पण प्रकृती नरम असली तर तेथे ‘सॉफ्ट’चा काही उपयोग नाही.

व्याकरणात तर अनुवादकाची पुरती फजिती होते. इंग्रज ज्या ‘सी’ला सॉफ्ट म्हणतो तिचा उच्चार ‘स’; ज्या ‘जी’ला हार्ड म्हणतो तिचा ‘ग’. आपल्या वर्गीकरणात ‘स’ अघोष म्हणून कठोर आणि ‘ग’ सघोष म्हणून मृदू. शब्दशः भाषांतर करणारा येथे बिनचूक राहूनही नेमके उलटे सांगून बसतो.

बंगळुरूसारख्या अनेकभाषी नगरात हा प्रश्न नळाशी आणि कचेरीतही उभा असतो. येथील कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण, कन्नडमध्ये ‘गडसु’. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे त्यात साबणाला फेस येत नाही, हे ध्यानी घेऊन मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘दुष्फेन’ आणि ‘सुफेन’ ही जोडी योजली. शब्द जड आहेत खरे. पण त्यांनी स्पर्शाचा मोह टाळून कारण पकडले. कन्नडने ‘सॉफ्टवेअर’चे असेच केले. जॉन ट्युकी यांच्या 1958 मधील लेखात छापलेला हा शब्द ‘हार्डवेअर’वरची कोटीच होती, आणि हार्डवेअर म्हणजे मुळात लोखंडी सामान. कन्नडने कोटी सोडून दिली आणि ‘यंत्रांश’ व ‘तंत्रांश’ असे दोन शब्द घडवले. मऊपणाचा मागमूसही नाही, आणि अर्थ पूर्ण. मराठीने बव्हंशी मूळ शब्दच ठेवून घेतला. मला तो आळस वाटतो.

राजकीय परिभाषेत मात्र पर्याय निवडणे म्हणजे निवाडा देणेच होय. गुन्नार मिर्डाल यांनी 1968 च्या ‘एशियन ड्रामा’मध्ये दक्षिण आशियातील राज्यसंस्थांना ‘सॉफ्ट’ म्हटले तो दोषारोप होता: कायदे करायचे, पण त्यांची सक्ती करायची नाही. जोसेफ नाय यांनी 1990 मध्ये हेच विशेषण सत्तेला जोडले, तेव्हा बळाविना मन वळवण्याचे ते सामर्थ्य ठरले. दोन्हींकडे ‘मृदू’ लिहिणारा अनुवादक निंदा आणि स्तुती एकाच मापाने मोजतो. पहिल्यास ‘ढिली’, दुसऱ्यास ‘सौम्य’ म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

याच्या उलटही घडले आहे. 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये फुटलेल्या दोन पक्षांपैकी एकाचे इंग्रजी नाव ‘मॉडरेट’. त्यात मऊपणा नाही, मर्यादा आहे. मराठीत त्यासाठी ‘नेमस्त’ हा नेमका शब्द होता आणि वापरातही होता. तरी ‘जहाल’समोर ‘मवाळ’च रूढ झाला. नेमस्त मनुष्य मोजून पाऊल टाकतो. मवाळ मनुष्य दाबला की दबतो. गोखल्यांच्या पक्षाविषयी लिहिताना आजही ‘मवाळ’ हाच शब्द आपोआप लेखणीतून उतरतो. ‘नेमस्त’ आठवून लिहावा लागतो.