अजगर नव्हे, पायथन!

बालमित्रांनो, पायथन म्हणजे अजगर. पण संगणकाची एक भाषाही पायथन आहे बरं का! हॉलंडच्या ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली जगापुढे आणली. २००८ च्या डिसेंबरात तिची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात 'प्रिंट' या आज्ञेपुढे कंस द्यावाच लागतो. दुसऱ्या आवृत्तीत तो नसला तरी चालायचं. झालं! जुने प्रोग्रॅम अडले. ते बदलायला वेळ मिळावा म्हणून दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२० उजाडेपर्यंत चालू ठेवली.

तेव्हा पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवूनही संगणकाने चूक दाखवली, तर हिरमुसू नका. आधी आवृत्तीचा आकडा पाहा. आईबाबांनो, रागावण्याआधी पुस्तकाचं सालही पाहा! नवी आवृत्ती आणि तिचे धडे पायथनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.