जुनी आरएक्स १०० नवी करायचीय? वर्कशॉपला टाकण्याआधी आरसी बुक उघडा

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली वडिलांची जुनी यामाहा आरएक्स १०० उभी असते. टाकीवर गंज, टायर बसलेले, किक मारली तर नुसती फसफस. मोबाईलवर अशाच गाड्या चकचकीत होऊन पळताना दिसल्या की पोरांना वाटतं, आपलीही करून घेऊ. मग हंगामाचे पैसे हातात आले की गाडी टेम्पोत टाकून शहरातल्या मॉडिफिकेशनवाल्या वर्कशॉपला जाते.

गाडी परत येते तेव्हा दिसायला झकास असते. पण बऱ्याचदा दोन भानगडी मागाहून कळतात. एक, गाडी गावच्या रस्त्यावर टिकत नाही. दोन, आरटीओत ती पास होत नाही. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी काय बदलावं, काय तसंच ठेवावं आणि कोणतं काम आधी करावं, हे गाडी सोडण्यापूर्वीच ठरवावं लागतं.

या गाडीचं एवढं वेड का?

आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ११ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. वजन कमी आणि ताकद भरपूर, म्हणून ती आजही उचल खाते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक गाड्या बाजारातून गेल्या. त्यामुळे आता जी गाडी हातात आहे तीच जपायची, नवी मिळणार नाही.

आधी कागद, मग पाना

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे १९९६ मध्ये नोंदलेल्या गाडीची पहिली मुदत २०११ मध्येच संपली. नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग आणि गाडीची स्थिती आरसीशी जुळावी लागते. इथेच मॉडिफाय केलेली गाडी अडकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली आणि आरसीवर नोंदलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी ती वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीवर मोठा खर्च करणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणण्यासारखं आहे.

काय चालतं, काय नाही?

इंजिन मूळ स्थितीत आणणं, बोअर करणं, नवीन पिस्टन टाकणं, वायरिंग बदलणं, सीट नव्याने शिवणं, क्रोम करणं, मूळ मापाचे टायर टाकणं ही दुरुस्ती झाली. ती बिनधास्त करा. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या. सर्वात सोपं म्हणजे आरसीवर असलेलाच रंग पुन्हा मारा.

इंजिन बदलणं, चेसिस कापणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणं यात मात्र अडचण आहे. आरएक्स १०० ला आरएक्स १३५ चं सिलिंडर बसवण्याची पद्धत जुनी आहे. इंजिन नंबर खालच्या क्रँककेसवर असतो, त्यामुळे नंबर तोच राहतो. पण आरसीवर ९८ सीसी आणि प्रत्यक्षात जास्त, असा फरक पडतोच. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच फरक अंगाशी येऊ शकतो.

कॅफे रेसर करताना सीटखालचा चेसिसचा मागचा भाग कापतात. फोटोत छान दिसतं. पण त्याच भागावर मागे बसणाऱ्याचा, दुधाच्या कॅनचा आणि गवताच्या भाऱ्याचा भार येतो. तिथे जोड दिला की गाडी खड्ड्यात कधी दगा देईल सांगता येत नाही.

सायलेन्सरचा गैरसमज

सायलेन्सर मोकळा केला की गाडी जास्त ओढते, असं पोरं समजतात. टू-स्ट्रोकमध्ये उलटंही होतं. या इंजिनाचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्याच्या पोटाच्या आकारामुळे दाबाची लाट मागे फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हा आकार बिघडवला की आवाज वाढतो, ओढ मात्र कमी होऊ शकते. शिवाय आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने रद्द होऊ शकतं. मूळ सायलेन्सर तुंबला असेल तर आतला कार्बन साफ करून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच फरक पडतो.

कामाचा क्रम

चांगलं वर्कशॉप गाडी पूर्ण खोलतं आणि रंगाला सगळ्यात शेवटी हात लावतं. पैसे कमी असतील तर तेही याच क्रमाने खर्च करा.

पहिलं इंजिन. सिलिंडर, पिस्टन, क्रँकचे बेअरिंग आणि ऑइल सील तपासावेत. या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटर आहे. घासलेला असेल तर पाव-पाव मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. आधी कितीवेळा बोअर झालाय ते विचारा. ऑइल सील गेलं असेल तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, गरम होतं आणि पिस्टन जाम होतो.

दुसरं ब्रेक आणि चाकं. या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. नवे लायनर, नव्या केबल, घट्ट आरे आणि सरळ केलेली रिम एवढं झालंच पाहिजे. रुंद टायरचा मोह टाळा. अरुंद रिमवर तो नीट बसत नाही आणि वळणावर गाडी डुलते.

तिसरं चेसिस. हँडलचा कोनसेट, स्विंगआर्मचे बुश, पुढच्या फोर्कचं ऑइल आणि सील बघून घ्या. चौथं वायरिंग. त्यानंतर टाकी आतून गंजमुक्त करणं आणि मग रंग.

गावच्या गाडीसाठी दोन सूचना

काही मिस्त्री एअर फिल्टरचा डबा काढून छोटा कोन बसवतात. शहरात एकवेळ चालेल. शेतरस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली तर नवा बोअर बघता बघता खराब होतो. डबा राहू द्या.

तसंच या गाडीला टूटी ऑइलचा वेगळा पंप असतो. तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा, असं काही जण सुचवतात. पण घाईत कोणी नुसतं पेट्रोल भरलं की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. घरात गाडी चारजण चालवत असतील तर पंप चालू स्थितीत ठेवणंच बरं.

गाडी सोडण्यापूर्वी हे करा

१. चेसिस आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो काढा. कागद ठेवून पेन्सिलने घासून छापही घ्या. ग्राइंडिंग किंवा पावडर कोटिंगमध्ये नंबर बुजू देऊ नका, हे मिस्त्रीला बजावून सांगा. नंबर पुसट झाला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.

२. गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्या. मूळ मिकुनी कार्ब्युरेटर, सिलिंडर आणि सायलेन्सरवर खूण करून ठेवा. अस्सल पार्टला आता मोठी किंमत आहे.

३. कामाची यादी आणि अंदाजपत्रक लिहून घ्या. टप्प्याटप्प्याने पैसे द्या. काढलेले जुने पार्ट परत मागा.

४. गाडी घरी आल्यावर नव्या बोअरची पहिले ५०० ते १००० किलोमीटर रनिंग सांभाळा. डबलसीट, चढ आणि रेस टाळा.

५. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही एचएसआरपी नंबर प्लेट बंधनकारक आहे. फॅन्सी प्लेटवर पैसे घालवू नका.

६. विमा आणि पीयूसी चालू आहे का बघा. नोंदणीची मुदत संपली असेल तर गाडी तयार होताच आधी आरटीओची तारीख घ्या, मगच ती रस्त्यावर काढा.