प्रदूषणाचा खर्च कोणाच्या माथी?

पर्यावरण म्हटले की झाडे, नद्या आणि धूर डोळ्यांसमोर येतात; जमाखर्चाची वही येत नाही. वास्तविक हा प्रश्न बऱ्याच अंशी हिशेबाचाच आहे. विशेषतः विद्यार्थ्यांनी तो समजून घ्यावा, म्हणून आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

कारखानदार कच्चा माल, मजुरी व वीज यांचा खर्च मालाच्या किमतीत धरतो. सांडपाणी शुद्ध न करताच सोडले तर त्याचे पैसे वाचतात. पण तो खर्च नाहीसा होत नाही; तो शेजारच्या विहिरीवर, शेतावर आणि गावकऱ्यांच्या औषधपाण्यावर जाऊन पडतो. नफा एकाचा, तोटा दुसऱ्याचा. अशा तोट्याइतका कर नुकसान करणाऱ्यावर बसवावा, म्हणजे त्याचा हिशेब खरा होईल, असा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडला.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावाचे उदाहरण पाहा. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रंगनिर्मितीसाठी लागणारे 'एच आम्ल' तयार होऊ लागले. विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला. तो जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही, शेतीच्याही कामाचे उरले नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तेथील नुकसानीची पाहणी केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करील तो भरपाई देईल' हे तत्त्व लागू केले. पुढे शुद्धीकरणाचा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. मात्र कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून पैसे भरणे टाळले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ही रक्कम १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला.

व्याज कशासाठी? कारण उशीर हीसुद्धा कमाईच असते. दंड वाचलेल्या खर्चापेक्षा कमी असेल किंवा वर्षानुवर्षे लांबणीवर पडत असेल, तर प्रदूषण करणेच फायद्याचे ठरते. मधल्या काळात ज्यांना पाणी विकत घेण्याची ऐपत नाही, ती कुटुंबे सर्वाधिक भरडली जातात.

म्हणून नुकसान होण्यापूर्वीच प्रश्न विचारणे स्वस्त पडते. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. आपल्या भागात अशी सुनावणी असेल तेव्हा सभासदांनी अवश्य हजर राहावे आणि सांडपाणी व गाळ यांच्या विल्हेवाटीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला आहे काय, हे विचारून उत्तराची इतिवृत्तात नोंद करवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.