शके की संवत? कोसळलेल्या वंशावळीकडे परतताना

इंदूरच्या भंवरकुआं चौकाला भिल्ल क्रांतिकारक टंट्या मामांचे नाव देण्याची घोषणा २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. शंभर वर्षांनी एखाद्या पणतीच्या हाती एका कागदावरच्या पत्त्यात एक आणि दुसऱ्यावर दुसरे नाव आले, तर त्या दोन कागदांतला माणूस एकच आहे हे तिला कसे कळावे? कुळाचा इतिहास शोधणारे कागद न मिळाल्यामुळे हिरमुसतात, असे आपण समजतो. माझ्या मते त्याहून जिव्हारी लागणारे अपयश वेगळे असते. कागद मिळतात, पण त्यांची जोडणी चुकते. वर्षानुवर्षे उभी केलेली वंशावळ एका तारखेपायी कोसळते आणि फाइल माळ्यावर जाते. ती खाली काढायची असेल तर नवे दफ्तर शोधण्याआधी जुनी चूक उकलावी.

इंदूरच्या मराठी घराण्यांत ही चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दख्खनेतून चाकरीला आलेल्या कुटुंबांची बिऱ्हाडे इथे वाढत गेली. त्यांनी घरातली शके लिहिण्याची सवय सोबत आणली. माळव्यात मात्र विक्रम संवत चाले. इसवी सनापेक्षा शक अठ्ठ्याहत्तरने मागे, संवत सत्तावन्नने पुढे. आता एखाद्या यादीवर नुसते १८१५ असेल, तर शके धरल्यास इसवी सन १८९३ येते, संवत धरल्यास १७५८. फरक १३५ वर्षांचा, म्हणजे चार-पाच पिढ्यांचा! त्यातून नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत: रामचंद्र विनायक, त्याचा विनायक रामचंद्र, त्याचा पुन्हा रामचंद्र विनायक. त्यामुळे चुकीच्या पिढीतही नाव चपखल बसते आणि शंका येत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे आणखी एक. पेशवाईच्या कागदांत तर वर्ष अरबी शब्दांत येते: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, शुहूर सन ११७२, म्हणजेच इसवी सन १७७१-७२.

म्हणून परतणाऱ्याने प्रत्येक नाव वेगळ्या चिठ्ठीवर उतरवावे, शेजारी ते कोणत्या कागदातून आले आणि कालगणना कोणती हे लिहावे, आणि पुरावा नसलेले सांधे निःसंकोच तोडावेत. मग वर चढण्याऐवजी आडवे जावे: चुलते, आत्या, जावई, व्याही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, उज्जैन इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या इथेच उपयोगी पडतात. यात्रेला आलेला माणूस तिथे आपले मूळ गाव, भाऊ, मुले सांगतो, पुष्कळदा स्वतःच्या हाताने लिहितो. एकाच नावाचे दोघे असले तरी भावांची नावे सहसा सारखी नसतात. नेमक्या त्याच खुणेने पिढ्या वेगळ्या करता येतात.

लाळेची जनुकीय चाचणी असताना ही यातायात कशाला, असे कोणी विचारेल. ती चाचणी दोन माणसांतली जवळीक सांगते. कोण कुठल्या गावाहून, कोणाच्या चाकरीला इंदुरात आला हे तिला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा छंद जातीचा आणि कुळाचा अभिमान पोसतो. पोसतो, हे नाकारता येणार नाही. बऱ्याच जुन्या कुलवृत्तांतांत मुली लग्नापाशी संपतात आणि सुना नवऱ्याच्या नावाआड जातात. पण हा अभिमान टिकतो तो न तपासलेल्या कथेवर. सरदारकीची दंतकथा आणि कारकुनाच्या पगाराची नोंद शेजारी ठेवली की शोधणाऱ्याला एक बाजू निवडावीच लागते, आणि आडवे शोधताना आत्या व लेकींवाचून पाऊल पुढे पडत नाही. पुढच्या खेपेला उपाध्यायांनी वही पुढे केली, तर तीत मुलींची नावे घालावीत, सुनेचे माहेर लिहावे, तारखेपुढे शके की संवत ते स्पष्ट करावे. आणि पत्ता त्या चौकातला असेल, तर भंवरकुआं आणि टंट्या मामा चौराहा, दोन्ही नावे.